ट्रक नसलेल्या गोष्टी

मंगामधे, म्हणजे जपानी कॉमिक्समधे, एखाद्याचं आयुष्य बदलायचं असेल तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ट्रक. हिरो रस्ता ओलांडतोय, ट्रक येतो, उडवतो, आणि डोळे उघडतात ते थेट दुसऱ्या जगात, समोर ड्रॅगन आणि अंगात कसलीतरी अफाट शक्ती. या प्रकाराला इसेकाई म्हणतात आणि हा ट्रक इतक्या वेळा येऊन गेलाय की फॅन मंडळींनी त्याला ‘ट्रक-कुन’ असं लाडाचं नावही देऊन टाकलंय. खोटं कशाला बोलू, मीही त्यातल्या बऱ्याच वाचल्यात, जेवण गार होईपर्यंत वाचल्यात. पण आठवड्याभराने कुणी विचारलं तर हिरोचं नाव सांगता यायचं नाही.

जे मंगा डोक्यातून जात नाहीत त्यांच्यात ट्रक नसतो. कुणीतरी दुकानात शिरतं. दाराची बेल वाजते. कुणीतरी रस्त्याच्या कडेला पडलेलं असतं आणि एक बाई त्याला घरी घेऊन येते. एरवी या दोन माणसांची गाठ पडायचं काही म्हणजे काही कारण नाही, तरी पडते, आणि मग... मग काहीच होत नाही. म्हणजे लगेच होत नाही. दोघं आपापल्या घरी जातात. आणि काही दिवसांनी त्यातलं एक जण परत येतं. माझ्या मते खरी गोष्ट तिथे सुरू होते, पहिल्या भेटीत नाही. पहिली भेट काय, कुणाचीही कुणाशीही होते, लोकलमधे रोज होते.

काओरी त्सुरुतानींचा ‘मेटामॉर्फोझ नो एन्गावा’ नावाचा मंगा आहे, इंग्रजीत तो ‘बीएल मेटामॉर्फोसिस’ नावाने मिळतो, 2017 ते 2020 मधला, पाचच भाग. त्यात इचिनोई नावाच्या पंचाहत्तर वर्षांच्या आजी आहेत. नवरा वारलाय, घरी एकट्या, घरातच मुलांना कॅलिग्राफी शिकवतात. एक दिवस पुस्तकाच्या दुकानात जातात, एका मंगाचं मुखपृष्ठ छान दिसतं, किती सुंदर काढलंय म्हणून घेऊन येतात. घरी येऊन चष्मा लावून वाचायला बसतात तर काय, दोन पोरांची प्रेमकथा! हा बीएल नावाचा प्रकार आहे, बॉइज लव्ह, मुलग्या-मुलग्यांच्या प्रेमाच्या गोष्टी, आणि गंमत म्हणजे लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुतेक बायकाच. आता आपल्याला वाटतं की आजी दचकणार, पुस्तक मिटणार, चार उपदेश करणार. आजी दचकतातही. पण पान उलटतात. कारण पुढे काय झालं ते कळायला नको का!

दुकानात काउंटरला असते उरारा, सतरा वर्षांची, पार्टटाइम काम करणारी, वर्गात कुणाशी फारसं न बोलणारी. ती स्वतः बीएलची भयंकर वेडी, पण हे जगात कुणाला माहीत नाही, सगळी पुस्तकं खोलीत खोक्यात दडवून ठेवलेली. आणि तिच्यासमोर एक पांढऱ्या केसांच्या आजी येऊन विचारतात की याचा पुढचा भाग आहे का.

तो प्रसंग वाचताना मी नुसती उरारेचा चेहरा बघत होते. चेहऱ्यावर फार काही काढलेलं नाहीये, त्सुरुतानींची रेषा तशी साधीच, डोळे जरासे मोठे होतात आणि तोंड किंचित उघडं राहतं. पण ज्या मुलीने वर्षानुवर्षं एखादी गोष्ट लपवलीय तिला समोरून कुणीतरी तीच गोष्ट काहीही न लाजता, जशी आपण वाण्याकडे तूरडाळ मागतो तशी मागतंय, हे तिच्या डोक्यात शिरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती चौकट आपल्याला थांबवून ठेवते. आजींना लाजायचं असतं हेच मुळात माहीत नाही. त्यांना फक्त पुढचा भाग हवाय.

मग या दोघी भेटायला लागतात. चहा, केक, आजींच्या घराची ओसरी, आणि पुस्तकांवर गप्पा. बास. पाच भाग याच्यावर. कुणाला असाध्य रोग होत नाही, उरारेचं कुणावर झपाटून प्रेम बसत नाही, आजी करोडपती निघत नाहीत. भाचीने मला हा दिला तेव्हा म्हणाली, “मावशी, यात काही घडत नाही हां, आधीच सांगते, मग मला बोलू नकोस.” आणि तीच पोरगी तिसऱ्या भागाला रडली होती असं ताईने मला नंतर सांगितलं.

घडतं ते असं. आजींच्या लक्षात येतं की त्यांच्या लाडक्या मालिकेचा नवा भाग यायला दीड दीड वर्ष लागतं. मग त्या हिशोब करायला बसतात, आता आपलं वय इतकं, अजून इतकी वर्षं जगलो तर आणखी किती भाग वाचून होतील. अगदी सहज करतात, आपण महिन्याच्या दुधाचा हिशोब करावा तसा. उरारा समोर बसून ऐकतेय. तिच्या वयाला दीड वर्ष म्हणजे नुसता कंटाळा, आणि समोरच्या बाईच्या वयाला दीड वर्ष म्हणजे बोटावर मोजायची रक्कम. कुणी तिला सांगत नाही की पोरी, वेळ वाया घालवू नकोस वगैरे. पण पुढे कधीतरी उरारा स्वतः पेन्सिल घेऊन स्वतःची गोष्ट काढायला बसते, कच्ची, हात बसलेला नसताना, तेव्हा ती का बसली हे आपल्याला बरोब्बर कळलेलं असतं.

हा हिशोब मला इतका लागला त्याचं एक कारण म्हणजे मंगा येतोच मुळी हप्त्याहप्त्याने. जपानमधे आधी मासिकात किंवा साप्ताहिकात, जाडजूड, स्वस्त कागदावर छापलेल्या अंकात एकेक प्रकरण येतं, वाचून लोक अंक रद्दीत टाकतात, आणि पुरेशी प्रकरणं साठली की मग पुस्तक निघतं. मोठ्या साप्ताहिकांमधे वाचकांनी पाठवलेल्या पोस्टकार्डांवरून मालिका चालू ठेवायची की गुंडाळायची ते ठरत आलंय. म्हणजे वाचक परत आला तर गोष्ट जगणार, नाहीतर अमक्या अंकात समाप्त. आपल्याकडे साप्ताहिकातल्या कादंबऱ्यांखाली ‘क्रमशः’ वाचून ज्यांची चिडचिड झालीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. मला वाटतं अशा धंद्यात वाढलेल्या लेखकाला हे हाडात माहीत असतं की पहिला अंक कुणीही चाळतं, दुसरा अंक विकत घेणारा तो आपला. त्यामुळे त्यांच्या गोष्टीतली माणसंही तशीच वागतात बहुतेक.

दाराची बेल म्हणाले ना, ती ‘ओतोतो नो ओत्तो’ मधली, म्हणजे ‘माय ब्रदर्स हजबंड’. गेन्गोरोह तागामे यांचा, 2014 ते 2017, चार भाग. तागामे स्वतः गे, आणि कित्येक वर्षं त्यांची ओळख म्हणजे फक्त प्रौढांसाठीचे, चांगलेच भडक गे मंगा. त्या माणसाने पहिल्यांदाच सगळ्यांनी वाचावं असं काहीतरी काढलं आणि काढलं काय तर एक बाप, त्याची शाळकरी मुलगी आणि एक पाहुणा. याइचीचा बायकोशी घटस्फोट झालाय, मुलगी काना त्याच्याकडे असते. त्याचा जुळा भाऊ र्‍योजी कॅनडात होता, तिथेच वारला. आणि एक दिवस दारात उभा आहे माइक, दाढीवाला, दांडगा, अस्वलासारखा गोरा माणूस, र्‍योजीचा नवरा. जुळा भाऊ म्हणजे चेहरा तोच, तो चेहरा बघून माइकला राहवत नाही आणि तो याइचीला मिठीच मारतो. याइचीच्या अंगावर काटा येतो, आणि तो प्रेमाचा नव्हे.

तागामेंची युक्ती बघा. याइचीच्या मनात जे येतं ते ते आधी चौकटीत काढतात, तो ओरडतोय, हाकलून देतोय, घाणेरडं बोलतोय, आणि लगेच पुढच्या चौकटीत खरं काय झालं ते, तर हा कसनुसं हसत “या ना, बसा” म्हणतोय. असं परत परत. सुरुवातीला हसू येतं, मग ओशाळायला होतं, कारण आपणही हेच करतो की, पाहुण्यांसमोर, नातेवाइकांसमोर, ऑफिसात. पुढे पुढे त्या दोन चौकटींतलं अंतर कमी व्हायला लागतं. याइची कुठे भाषण देत नाही की माझे डोळे उघडले. नुसतं मनातलं आणि तोंडातलं जवळ येत जातं, आणि ते आपल्याला डोळ्यांनी दिसतं. हे कादंबरीत कसं करणार मला माहीत नाही.

काना मात्र पहिल्या दिवसापासून खूश. कॅनडात आपल्याला काका आहे! पोरगी सरळ विचारते की तुमच्यात नवरा कोण आणि बायको कोण, माइक म्हणतो दोघंही नवरेच, आणि तिच्यासाठी विषय संपला. मग तिच्या मैत्रिणीची आई मुलीला त्यांच्या घरी पाठवायला नकार देते तेव्हा तो विषय दुसऱ्या बाजूने घरात शिरतो. कॅनडात 2005 पासून अशा लग्नाला कायद्याची मान्यता, पण जपानमधे, याइचीच्या उंबऱ्याच्या आत आला की माइक कागदोपत्री कोण? कुणीच नाही. आपल्याकडेही 2018 च्या सप्टेंबरात कलम 377 चा काच सुटला पण लग्नाचं 2023 मधे कोर्टाने संसदेकडे ढकललं, तेव्हा आपल्या इथल्या एखाद्या घराची अशी बेल वाजली तर तो माणूसही कागदोपत्री कुणीच नसणार. अर्थात तागामे कायद्यात घुसत नाहीत. ते दाखवतात की तो पाहुणा सकाळी उठून नाश्त्याला बसलाय, दुसऱ्या दिवशी परत बसलाय, आणि टेबलावर त्याची जागा ठरून गेलीय.

जेवणावरून आठवलं. यारो आबे यांचा ‘शिन्या शोकुदो’, म्हणजे ‘मिडनाइट डायनर’, बऱ्याच जणांनी नेटफ्लिक्सवर मालिका बघितली असेल, मूळ मंगा 2006 चा. टोकियोतल्या शिंजुकूच्या एका गल्लीतलं टीचभर हॉटेल, रात्री बारा ते सकाळी सात. मेनूवर डुकराच्या मांसाचं मिसो सूप आणि भात असं एकच ताट, बाकी बिअर, साके, शोचू, तेही माणशी तीनच. पण सामान असेल तर मालक सांगाल ते करून देतो. त्याच्या डोळ्यावरून एक व्रण गेलाय, तो कसला, हे विचारायचं नाही.

तिथे र्‍यू नावाचा याकुझा, म्हणजे जपानी टोळीतला गुंड, येतो, गॉगल लावलेला, कुणी नजर वर करून बघणार नाही असा, आणि मागतो काय तर लाल सॉसेज. शाळेच्या डब्यात असतात ती. सॉसेजच्या एका टोकाला चिरा द्यायच्या आणि तव्यावर परतायचं, की ते पाय फाकून ऑक्टोपससारखं दिसतं. गुंड बसलाय आणि समोर बशीत छोटे छोटे लाल ऑक्टोपस! आणि कोसुझू म्हणून एक म्हातारे गृहस्थ येतात, गे बार चालवणारे, ते मागतात गोडसर अंड्याची गुंडाळी. एकाच्या बशीवर दुसऱ्याची नजर जाते. एक तुकडा इकडे, एक तिकडे. पुढच्या वेळी परत. बोलणं जवळजवळ नाहीच. त्यांची मैत्री झाली असं म्हणायचीही पंचाईत, कारण दोघांनाही ते मान्य होणार नाही. पण आता कुणाची वेळ चुकली की दुसरा दाराकडे बघतो, एवढं नक्की.

आता एक तक्रार करते, कारण सगळंच गोडगोड लिहिलं तर भाची म्हणेल मावशीला पैसे मिळाले. ‘उसागी ड्रॉप’, युमी उनिता, 2005 ते 2011. तिशीतला दाइकिची आजोबांच्या अंत्यविधीला जातो, तिथे कळतं की आजोबांना एक छोटी मुलगी आहे, रिन, आणि सगळे नातेवाईक तिच्याकडे अशी बघतायत जशी ती कुणीतरी विसरून गेलेली पिशवी आहे. हा चिडतो आणि म्हणतो, चल माझ्याकडे. पहिले चार भाग म्हणजे काय सांगू! पाळणाघर शोधायची धावपळ, ऑफिसात ओव्हरटाइम नको म्हणून खालच्या डिपार्टमेंटला बदली मागून घेणं, पोरीचं अंथरूण ओलं करणं आणि ते लपवणं. कितीतरी आयाबाबांनी हे पार केलंय पण ते असं कुणी काढलं नव्हतं. आणि मग लेखिका दहा वर्षं पुढे उडी मारते, रिन हायस्कूलमधे, आणि शेवटी काय, तर ती दाइकिचीशीच लग्न करायचं ठरवते. रक्ताचं नातं नव्हतंच असाही खुलासा आयत्या वेळी. मला आजही राग येतो. नैतिक राग तर आहेच, पण त्याहून मोठा म्हणजे लेखिकेने स्वतःच्याच गोष्टीवर भरवसा ठेवला नाही याचा. ते जे दोघांचं रोजचं चाललं होतं ते पुरेसं होतं की! त्याला लग्नाच्या खणात कोंबायची काही गरज नव्हती. अ‍ॅनिमे (म्हणजे याचीच कार्टून मालिका) करणारे शहाणे, त्यांनी 2011 मधे फक्त लहानपणाचाच भाग केला आणि थांबले. तुम्हीही तिथे थांबा.

चिका उमिनो यांचा ‘सांगात्सु नो लायन’, 2007 मधे सुरू झालेला, तिथे हा भरवसा दिसतो. रेइ किरियामा सतरा वर्षांचा, शाळेत असतानाच शोगीचा व्यावसायिक खेळाडू, आईबाप आणि बहीण लहानपणीच अपघातात गेलेली. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ म्हणा. एका रात्री मोठ्या खेळाडूंनी पाजून रस्त्यावर टाकून दिलेल्या या पोराला आकारी नावाची मुलगी घरी घेऊन येते, तिच्या दोन धाकट्या बहिणी, आजोबांचं मिठाईचं दुकान, घरात लठ्ठ मांजरं. तेव्हापासून जेवायला ये, जेवायला ये. हा येतो, अवघडतो, पळून जातो, परत येतो. असं कितीतरी भाग. मग मधली बहीण हिना, शाळेत तिच्या मैत्रिणीला छळणाऱ्या पोरींविरुद्ध उभी राहते आणि मग तिचाच छळ सुरू होतो, ती रडत रडत म्हणते की मला कितीही रडू आलं तरी मी केलं ते चूक नव्हतं. आणि ऐकणाऱ्या रेइला, जो स्वतः शाळेत कायम एकटा पडलेला, असं वाटतं की या पोरीने आत्ता आपल्या लहानपणाला हात देऊन वर काढलं. आतापर्यंत आपण समजत होतो की उचलून आणलेला तो आहे.

आपल्याकडे अशा वेळी म्हातारी माणसं ऋणानुबंध म्हणतात, मागच्या जन्माचं देणं. म्हणोत. या मंगांमधे मागचा जन्म काढायची वेळ येत नाही, मागच्या गुरुवारी कोण आलं होतं एवढ्यावर काम भागतं.

आणि हे सगळं आपल्याला परकं वगैरे अजिबात नाहीये, कारण यातली सगळ्यात प्रसिद्ध अनपेक्षित भेट गेली कित्येक वर्षं मराठी घरांमधे हिंदीतून चालू आहे. संध्याकाळी जेवताना लावून द्यावी लागते ती. डोरेमॉन! त्यावरून किती आयांनी कटकट केली असेल, कार्टं मराठी सोडून “मम्मी, मुझे भूख लगी है” करायला लागलं म्हणून. फुजिको एफ फुजिओंनी तो 1970 च्या जानेवारी अंकांपासून सुरू केला, शोगाकुकान प्रकाशनाच्या लहान मुलांच्या सहा मासिकांत एकदम, वेगवेगळ्या इयत्तांच्या पोरांसाठी. नववर्षाचा दिवस, नोबिता लोळतोय, आणि टेबलाच्या खणातून एक निळं मांजर बाहेर येतं. पाठोपाठ नोबिताच्या नातवाचा नातू सेवाशी, जो सांगतो की तुझं पुढचं आयुष्य इतकं वाईट आहे की तुझ्या कर्जाचा त्रास आम्हाला होतोय, म्हणून याला तुला सुधारायला आणलंय.

बघा, इथे तर योगायोगही नाही. भेट दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेली, नोबिताला कुणी विचारलेलं नाही. आणि सुधारणा? पंचेचाळीस पुस्तकं झाली तरी पोरगं शून्य मार्क आणतंय, जियानचा मार खातंय, आणि ते मांजर भिंतीतल्या कपाटात झोपतंय आणि डोरायाकी नावाचे गोड सारणाचे केक खातंय.

पण 1974 च्या मार्चमधे, तिसरीच्या मुलांच्या मासिकात, फुजिकोंनी डोरेमॉनला परत भविष्यात पाठवून दिलं होतं. आदल्या रात्री नोबिता एकटा जियानशी मारामारी करतो, मार खातो, पडतो, परत उठून त्याचा पाय धरतो, शेवटी जियानच वैतागून हरलो म्हणतो, आणि हे सगळं कशासाठी तर डोरेमॉनला काळजी न करता जाता यावं. सकाळी तो गेलेला असतो. उत्तम शेवट होता, तिथे थांबले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

जपानमधे एप्रिलला शाळेचं नवीन वर्ष सुरू होतं. तिसरीतली पोरं चौथीत गेली, चौथीचं मासिक हातात घेतलं, आणि त्यात पुढची गोष्ट. एक एप्रिल, जियान नोबिताला फसवतो की डोरेमॉन दिसला बरं का, नोबिता धावत सुटतो, आणि सगळे हसतात. मग डोरेमॉनने जाताना ठेवलेला खोका तो उघडतो, त्यात एक औषध, ते प्यायलं की जे बोलाल ते खोटं ठरतं. जियानचा बदला घेऊन होतो, पण मजा येत नाही. घरी येतो, आई विचारते, डोरेमॉन आला होता का रे? हा चिडून म्हणतो, डोरेमॉन येणार नाही, परत कधीच येणार नाही! खोलीत जातो तर समोर डोरेमॉन उभा. या वेळी कुठल्या नातवाच्या नातवाने पाठवलेला नाही, पोराने स्वतःच्या तोंडाने आणलेला. औषधाचा असर अजून उतरलेला नाही, त्यामुळे त्याला मिठी मारून रडत रडत नोबिता ओरडतोय की मला अजिबात आनंद झालेला नाही आणि यापुढे मी तुझ्याबरोबर मुळीच राहणार नाही.